वस्तादाचा हात

नसरापूरजवळच्या एका गावच्या जत्रेत पाहिलेली कुस्ती अजून डोळ्यांपुढे आहे. मी तेव्हा दहा-बारा वर्षांचा असेन. अब्बांच्या खांद्याला धरून फडाच्या कडेला उभा होतो. हलगी कडाडत होती आणि शेवटच्या कुस्तीचं इनाम पुकारून झालं होतं. आमच्या भागातला एक तयारीचा पोरगा मैदानात होता. कॉलेजात शिकत होता आणि त्या वर्षी त्याचं नाव चौफेर झालं होतं. दहाव्या मिनिटाला तो खाली आला आणि उठताना त्याचा उजवा हात लोंबकळला. तरीही त्याने डाव्या हाताने शड्डू ठोकला. लोक ओरडले, शिट्ट्या झाल्या. तेवढ्यात त्याचे वस्ताद फेटा काढून हातात घेत फडात शिरले आणि पंचांना म्हणाले, "सोडवा कुस्ती."

फड खवळला. इनाम देणारे नाराज झाले. पोरगा तर वस्तादांकडे बघेनासा झाला. सगळा गाव त्या वस्तादांना चाचा म्हणायचा. चाचांनी कुणाशी वाद घातला नाही. पोराच्या खांद्यावर फेटा टाकला आणि त्याला घेऊन बाहेर आले.

खेळाडूला दुखापत होते तेव्हा त्याला शिकवणाऱ्याची जबाबदारी कुठवर असते, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे. आता कोच, ट्रेनर, फिजिओ असे शब्द आले. आपल्याकडे मात्र या नात्याला फार जुना शब्द आहे. फारसीतला उस्ताद मराठीत वस्ताद झाला. तालीम अरबीतून आली, पैलवान, खुराक आणि जोर फारसीतून. माती इथलीच. या शब्दांनी मराठी मुलखात इतकं घर केलं की मारुतीचा कोनाडा असलेल्या जागेला तालीम म्हणताना कुणाला काही वेगळं वाटत नाही, आणि वाटायचं कारणही नाही. त्या कोनाड्यापुढे मुसलमान पोरांनीही पिढ्यानपिढ्या घाम गाळला आहे.

तालमीत वस्ताद म्हणजे निव्वळ डाव शिकवणारा नव्हे. पोराने किती जोर मारायचे, काय खायचं, कधी झोपायचं हे तो ठरवतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुणाची जोड कुणाशी लावायची आणि कुणाशी लावायची नाही, हेही तोच ठरवतो. पैलवानाला 'नाही' म्हणण्याचा अधिकार एकट्या वस्तादाला असतो. पैलवान स्वतः 'नाही' म्हणाला तर तो भित्रा ठरतो. वस्ताद म्हणाला तर तो निर्णय ठरतो. म्हणून माझ्या मते खेळाडूला दुखापत व्हायच्या आधीच वस्तादाची जबाबदारी सुरू झालेली असते.

या जबाबदारीचा आपल्याकडचा सगळ्यात बोलका इतिहास खाशाबा जाधवांच्या आयुष्यात आहे. आपण त्यांचं पदक आठवतो, ते मिळालं त्या दिवशी त्यांच्या बाजूला कोण होतं हे विचारत नाही.

खाशाबा कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, जन्म १५ जानेवारी १९२६चा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये, पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचं तर ते कॉलेजचे स्टार खेळाडू होते. कोल्हापूर तेव्हा कुस्तीची पंढरी होती. शाहू महाराजांनी तालमी उभ्या केल्या, १९१२ साली खासबागचं मैदान बांधून पुरं केलं, पैलवानांना खुराक लावून दिला. पंजाबातले नामांकित मुसलमान मल्ल त्या हौद्यात उतरले आणि इथल्या पोरांनी त्यांचे डाव पाहून उचलले.

१९४८ साली लंडन ऑलिंपिकला जाण्यासाठी खाशाबांचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. तिथे रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाने त्यांना तयार केलं. मातीत वाढलेल्या या पोराला गादीवरची कुस्ती नवी, नियम नवे, गुणांची मोजणी नवी. तरीही फ्लायवेट गटात ते सहावे आले. सोबत जाणकार माणूस असला की काय फरक पडतो, ते तिथे दिसलं.

पुढच्या चार वर्षांत देशाचा नकाशा बदलला. आमचं भोर संस्थान ८ मार्च १९४८ला विलीन झालं, कोल्हापूर १ मार्च १९४९ला. संस्थानं गेली हे चांगलंच झालं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दरबारचा खुराक हा पैलवानाचा हक्क नव्हता, ती राजाची मर्जी होती. पाय मोडलेल्या पैलवानाची मर्जी किती दिवस टिकते हे जुन्या लोकांना विचारावं. पण दरबार गेला आणि त्याने जी जबाबदारी, मर्जीने का होईना, उचललेली होती ती कुणाकडे गेली? कागदावर ती सरकारकडे आणि क्रीडा संघटनांकडे गेली. प्रत्यक्षात १९५२ साली ती एका प्राचार्यांच्या घरावर येऊन पडली.

हेलसिंकीसाठी खाशाबांची निवड आधी झालीच नव्हती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा चाचणी कुस्ती झाली आणि ती जिंकून त्यांनी जागा मिळवली. मग प्रश्न आला पैशांचा. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. बाकीचं गावकऱ्यांनी, मित्रांनी, व्यापाऱ्यांनी थोडं थोडं करून जमवलं. प्राचार्य काही कुस्तीचे वस्ताद नव्हते. पण जबाबदारी घेणारा या अर्थाने पाहिलं तर त्या वर्षीचे खाशाबांचे खरे वस्ताद खर्डीकरच.

आता हेलसिंकीतला तो दिवस. बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं होतं. एक लांबलेली, दमवणारी झुंज संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद ममदबेयोवशी लढायला बोलावण्यात आलं. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळावी असा नियम होता. तो नियम दाखवून 'माझा मल्ल आत्ता उतरणार नाही' असं म्हणणारा एकही भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबा थकलेल्या अंगाने उतरले आणि हरले. २३ जुलै १९५२ रोजी त्यांना कांस्यपदक मिळालं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सुवर्ण जपानच्या शोहाची इशीने नेलं, रौप्य ममदबेयोवने.

त्या अर्ध्या तासाने पदकाचा रंग बदलला असता का, हा वाद मला घालायचा नाही. मला वेगळीच गोष्ट खटकते. थकलेल्या शरीराने मोठ्या ताकदीच्या मल्लापुढे उभं राहणं म्हणजे मान, खांदा, गुडघा पणाला लावणं. त्या दिवशी काही मोडलं नाही हे खाशाबांचं नशीब. संघाबरोबर माणसं पाठवताना कुणाला तरी अधिकारी म्हणून पाठवलं जातं, त्याच्या कोटावर देशाचं चिन्ह असतं. त्याचं काम काय? मिरवणुकीत चालणं की आपल्या खेळाडूच्या वाट्याचा अर्धा तास मागून घेणं?

परतल्यावर कऱ्हाड स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबांनी काय केलं? कुस्त्या मारल्या, पैसे मिळवले आणि प्राचार्यांचं कर्ज फेडून घर सोडवलं. ही गोष्ट आपण मोठ्या कौतुकाने सांगतो. मला ती सांगताना थोडी लाज वाटते. देशाला पदक देणाऱ्या मल्लाने, जे शरीर पुढच्या ऑलिंपिकसाठी जपायला हवं होतं, ते कर्ज फेडायला फडाफडांत उतरवलं. कुणी त्याला 'आता थांब' म्हणालं नाही. म्हणणार तरी कोण?

१९५५ साली ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर झाले. मेलबर्नची तयारी चालू असताना गुडघ्याला मोठी दुखापत झाली आणि १९५६चं ऑलिंपिक हुकलं. पुढे खात्यातच नोकरी झाली, निवृत्त झाले, पेन्शनसाठी झगडावं लागलं. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या हॉलला त्यांचं नाव आहे. त्यांच्या गुडघ्याची गोष्ट मात्र बहुतेक चरित्रांत एका ओळीत आटोपते.

या एका ओळीशेजारी मला दुसरी एक दुखापत ठेवायची आहे. तिथे जबाबदार माणूस हजर होता. मार्च १९६२, बार्बाडोस. भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर. संघाचे मॅनेजर गुलाम अहमद, हैदराबादचे, एके काळचे नामांकित ऑफस्पिनर आणि भारताचे माजी कर्णधार. त्या काळी दौऱ्यावर कोच नावाचा प्राणी नसे. तिकिटं, हॉटेल, वार्ताहर, आजारपण आणि वेळ आली तर मरणसुद्धा, सगळं मॅनेजरच्या गळ्यात.

चार्ली ग्रिफिथचा चेंडू कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यावर कानाच्या मागे बसला. हेल्मेट तेव्हा नव्हतं. कवटी फुटली. तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली, पुन्हा दुसरी करावी लागली, आणि कित्येक दिवस त्यांना शुद्ध नव्हती. रक्त दिलं ते वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी, आणि आपल्याकडून चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर आणि पत्रकार के. एन. प्रभू यांनी. पुण्याचा बोर्डे, नाशिकचा नाडकर्णी, मुंबईचा पारशी उम्रीगर, बार्बाडोसचा वॉरेल. एका पारशी कर्णधाराच्या नसांत हे सगळं रक्त गेलं आणि तो वाचला.

त्या संध्याकाळी मॅनेजरपुढे काय काय असेल याचा विचार करून पाहा. कर्णधार शस्त्रक्रियेच्या टेबलावर. मायदेशी बायको. मैदानावर सामना चालूच. कॉन्ट्रॅक्टरनंतर फलंदाजीला गेलेल्या विजय मांजरेकरांनाही चेंडू लागला. त्याच सामन्यात पंचांनी ग्रिफिथचा एक चेंडू फेकी ठरवून नो-बॉल दिला. पुढची कसोटी तोंडावर. एकवीस वर्षांच्या मन्सूर अली खान पतौडीकडे कर्णधारपद आलं, त्याच मैदानावर, अवघ्या काही दिवसांत. आणि पतौडीचा एक डोळा आधीच मोटार अपघातात गेलेला. जखमी माणसाशेजारी बसायचं की उरलेल्या घाबरलेल्या पोरांना उभं करायचं, हा पेच कुठल्याही नियमपुस्तकात सुटत नाही. भारत ती मालिका पाचही कसोट्या हरला. पण मला त्या दौऱ्यात हरणं दिसत नाही. मला रक्त द्यायला रांगेत उभे राहिलेले खेळाडू दिसतात.

पुढची गोष्ट जास्त अवघड आहे. वेल्लोरला डॉ. जेकब चंडी यांनी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यात धातूची पट्टी बसवली आणि वर्षाच्या आत हा माणूस पुन्हा प्रथम श्रेणी क्रिकेट खेळायला उतरला, पुढे कित्येक वर्षं खेळला. कसोटी संघात मात्र त्याला पुन्हा घेतलं नाही. त्याला खेळायचं होतं. इथे 'नाही' म्हणणारे होते आणि त्या 'नाही'ने खेळाडू दुखावला. म्हणजे वस्तादाने हात धरणं नेहमीच गोड नसतं. खाशाबांना 'थांब' म्हणणारं कुणी नव्हतं, कॉन्ट्रॅक्टरना 'खेळ' म्हणणारं कुणी उरलं नाही. दोघांपैकी कुणावर जास्त अन्याय झाला? मला अजून ठरवता आलेलं नाही. पण जिवाचा प्रश्न असेल तर मी कॉन्ट्रॅक्टरच्या निवड समितीला जास्त दोष देणार नाही.

फुटबॉलचं उदाहरण हवं तर गोव्याकडे पाहावं लागतं. ५ डिसेंबर २००४, बंगळूरचं कांतिरवा स्टेडियम, फेडरेशन कपचा अंतिम सामना. गोव्याच्या धेंपो क्लबचा ब्राझीलहून आलेला स्ट्रायकर क्रिस्तियानो ज्युनियर मोहन बागानविरुद्ध आपला दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी धडकला, कोसळला आणि परत उठला नाही. धेंपोने सामना २-० जिंकला. गोलरक्षकावर काही काळ बंदी आली, मैदानावर तातडीच्या उपचाराची सोय अपुरी होती म्हणून आरडाओरड झाली. धेंपोचे कोच होते अर्मांदो कुलासो. कोचने त्या वेळी काय करायचं? डाव आखणाऱ्याच्या हातात ऑक्सिजनचं नळकांडं नसतं. पण सामना सुरू होण्याआधी रुग्णवाहिका कुठे उभी आहे, तिच्यात काय आहे, डॉक्टर कुठे बसलाय, हे विचारण्याचा अधिकार त्याला हवा आणि उत्तर मिळेपर्यंत संघ मैदानात न उतरवण्याचाही. क्लबने त्या खेळाडूची दहा नंबरची जर्सी कायमची बाजूला ठेवली.

आज आमच्या भागात पुणे-सातारा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कॉलेजं झाली आहेत. गॅदरिंगच्या आधी स्पर्धा होतात, पोरं पळतात, पडतात. अशाच एका मैदानावर गेल्या हिवाळ्यात सामना पाहत होतो. सगळ्यात चांगला खेळणारा पोरगा पाय धरून खाली बसला. सरांनी स्प्रे मारला आणि विचारलं, "जमेल ना?" पोरगा म्हणाला, "हो सर." पोरगं दुसरं काय म्हणणार! खाली मोबाइलवर शूटिंग चालू, मैत्रिणी बघतायत, फायनलला जायचंय. हा प्रश्न पोराला विचारायचाच नसतो. तो सरांनी स्वतःला विचारायचा असतो. पण त्या सरांचं तरी काय? वर्षावर्षाच्या करारावर असतील, संघ हरला तर पुढचं वर्ष कोण देणार? जबाबदारी द्यायची आणि 'नाही' म्हणायची ताकद द्यायची नाही, ही हेलसिंकीपासूनची आपली रीत आहे. पोरगा दहा मिनिटं लंगडत खेळला. जिंकले. मग दोघांच्या खांद्यावर हात टाकून त्याला रिक्षात बसवलं.

जत्रेतल्या त्या कुस्तीनंतर चाचांचा पोरगा वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही. हाड बसवणाऱ्याकडे त्याला चाचाच घेऊन जायचे, मोटारसायकलवर मागे बसवून. जाताना-येताना दोघं गप्प. अब्बा सांगायचे, इनामाची ठरलेली रक्कम चाचांनी स्वतःच्या खिशातून पोराच्या आईच्या हातात दिली होती आणि कुणाला सांगू नका म्हणाले होते. तो पोरगा पुढे तीन वर्षं आणखी लढला. आता त्याचा दुधाचा धंदा आहे, आणि पहाटे दूध घालून झालं की तो तालमीत पोरांना घेतो.