डोमेन-बॅकऑर्डर

मुदत संपलेले किंवा संपत आलेले डोमेन-नाव मोकळे होताच आपल्या नावावर व्हावे, यासाठी एखाद्या कंपनीकडे आगाऊ नोंदवलेली मागणी. नाव मिळेलच अशी हमी या मागणीत नसते. बऱ्याच कंपन्या नाव हाती लागले तरच शुल्क घेतात, काही आधीच घेऊन ठेवतात. या व्यवहारात विश्वासाचा प्रश्न उभा राहतो तो कामांच्या सरमिसळीमुळे. नावाची मुदत सांभाळणारा, त्याला किती मागणी आहे हे जाणणारा आणि त्याचा लिलाव पुकारणारा अनेकदा एकच असतो. ग्राहकाला यातले कोणतेही काम डोळ्यांनी दिसत नाही.

डोमेन-नाव कायमचे विकत मिळत नाही. ते ठरावीक वर्षांसाठी नोंदवता येते. डॉट कॉम नावाची मुदत उलटल्यावर ४५ दिवसांपर्यंत सवलतीचा काळ असतो. त्यातले किती दिवस मालकाच्या वाट्याला द्यायचे, हे नोंदणी कंपनी ठरवते. त्यानंतर नाव रद्द केले, तरी पुढचे ३० दिवस मालकाला ते सोडवून घेता येते, मात्र नेहमीच्या नूतनीकरणापेक्षा पुष्कळ जास्त पैसे मोजून. त्यानंतरच्या पाच दिवसांत कोणालाच काही करता येत नाही, आणि मग नाव मध्यवर्ती नोंदवहीतून पुसले जाते. डॉट कॉम नावांची ही रोजची पुसणी भारतात मध्यरात्रीच्या आगेमागे होते. मागणी असलेले नाव सेकंदाच्या अंशात उचलले जाते. हाताने टंकून ते मिळवू पाहणाऱ्याला तिथे काहीच संधी उरत नाही.

मोकळे झालेले नाव कोणाला मिळावे, यावर आजवर तीन उत्तरे पुढे आली. पहिले उत्तर शर्यतीचे. मध्यवर्ती नोंदवहीशी जोडणी मान्यताप्राप्त नोंदणी कंपनीलाच मिळते, आणि प्रत्येक कंपनीच्या जोडण्यांना मर्यादा असते. म्हणून नावे पकडण्याचा धंदा करणाऱ्यांनी शेकडो कागदी कंपन्यांना मान्यता मिळवून घेतली. कागदोपत्री ‘पहिला येईल त्याला’ हा नियम सगळ्यांना सारखा आहे. प्रत्यक्षात पहिला येण्याची ऐपत मोजक्यांकडेच असते.

दुसरे उत्तर रांगेचे. डॉट कॉमची नोंदवही चालवणाऱ्या व्हेरीसाइनने २००१च्या अखेरीस प्रतीक्षा-यादीची योजना मांडली. तिच्यात एका नावावर एकच मागणी नोंदवायची आणि नाव पुसले गेले की ते ती मागणी करणाऱ्यालाच द्यायचे, असे होते. त्यात शर्यत नव्हती, पण रांगेची किल्ली एकाच कंपनीच्या हाती जाणार होती. प्रतिस्पर्ध्यांनी कडाडून विरोध केला, प्रकरण न्यायालयांत गेले आणि योजना कधीच सुरू झाली नाही.

तिसरे उत्तर लिलावाचे. आज त्याचेच चलन जास्त आहे. एकाच नावाला अनेकांनी मागणी घातली, तर पकडणारी कंपनी त्यांच्यातच लिलाव करते. अनेक नोंदणी कंपन्या तर नाव पुसले जाण्याची वाटही पाहत नाहीत. सवलतीच्या काळातच लिलाव मांडतात. मूळ मालकाने वेळेत पैसे भरले, तर बोली जिंकलेल्याला रक्कम परत मिळते. अन्यथा नाव बाजारात मोकळे न होताच नव्या हाती जाते, आणि दुसऱ्या कंपनीकडे बॅकऑर्डर देऊन बसलेल्याची मागणी वाया जाते.

या लिलावांवरचा सर्वांत मोठा आघात २००९ साली उघड झाला. स्नॅपनेम्स ही अमेरिकी कंपनी या व्यवसायात अग्रणी होती. तिचाच एक अधिकारी खोट्या नावाने २००५पासून बोली चढवत होता. कंपनीने नोव्हेंबर २००९मध्ये हे स्वतः जाहीर केले. तिच्या म्हणण्यानुसार सुमारे ५ टक्के लिलावांत ही बोली लागली होती. ज्यांना जास्त पैसे मोजावे लागले, त्यांना फरकाची रक्कम ५.२२ टक्के व्याजासह परत देऊ करण्यात आली. भरपाई देऊ केली हे चांगलेच झाले. पण चार वर्षे बोलीदारांना समोरचा माणूस कोण हे कळू शकले नव्हते, ही बाब अधिक गंभीर आहे. विदर्भातल्या वाचकाला हा प्रश्न नवा नाही. कारंजा येथे १८८६मध्ये नियंत्रित कापूसबाजार सुरू झाला आणि १८९७मध्ये वऱ्हाडात बाजारांचा कायदा आला. अशा बाजारात मालाचा भाव आणि वजन चारचौघांत, नियमाने ठरावे ही अपेक्षा असते. डोमेनच्या लिलावात मात्र बोलीदार एका टोपणनावापलीकडे दिसत नाही आणि बोलीची नोंद पुकारणाऱ्याच्याच ताब्यात असते.

नावाचा नुसता शोध घेण्यातही धोका असतो, हे जानेवारी २००८मध्ये दिसले. नेटवर्क सोल्युशन्स ही कंपनी ग्राहकाने शोधलेले नाव लगेच स्वतःकडे चार दिवस अडवून ठेवत असल्याचे तेव्हा उघड झाले. नोंदणी पाच दिवसांत रद्द केल्यास पैसे परत मिळण्याच्या सोयीचाही घाऊक गैरवापर होत होता. पुढे आयकॅन या नियामक संस्थेने परताव्यावर मर्यादा घातल्यावर तो जवळजवळ थांबला.

महाराष्ट्राचा या व्यवसायाशी जुना संबंध आहे. २००५पूर्वी डॉट इन नावांची नोंदणी मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रामार्फत होई. नंतर ती निक्सी या संस्थेकडे गेली. रिसेलरक्लब आणि बिगरॉक या नोंदणी-सेवाही मुंबईतच सुरू झाल्या. लहान गावांत नोंदणी बहुधा रिसेलरकडूनच, म्हणजे नोंदणी कंपनीची सेवा पुढे विकणाऱ्याकडूनच होते. नाचणगावच्या एखाद्या शाळेचे किंवा दुकानाचे नाव पुलगाव किंवा वर्ध्याच्या संकेतस्थळ बनवणाऱ्याने स्वतःच्या ईमेलवर नोंदवले असेल, तर मुदतीच्या सूचना त्यालाच जातात. आयकॅनच्या २०१३पासूनच्या नियमानुसार मुदतीच्या साधारण महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि मुदतीनंतर पाच दिवसांत अशा तीन सूचना देणे बंधनकारक आहे. पण त्या नोंदलेल्या पत्त्यावरच जातात. त्या माणसाने धंदा बदलला की शाळेला काहीच कळत नाही. नाव दुसऱ्याने घेतले, की त्यावरच्या ईमेल पत्त्यांवर येणारी पत्रेही त्याला मिळू शकतात.

कायद्याचे संरक्षण आहे, पण त्याची मदार मुख्यतः व्यापारचिन्हावर आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९मध्ये रेडिफच्या खटल्यात आणि सर्वोच्च न्यायालयाने २००४मध्ये सत्यम इन्फोवे खटल्यात डोमेन-नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मान्य केले. डॉट इनसाठी निक्सीची लवादपद्धती आहे. तिथेही तक्रारदाराला आधी त्या नावावरचा आपला हक्क दाखवावा लागतो. नोंदणी कंपन्यांच्या अधिकाराची मर्यादा मुंबई उच्च न्यायालयाने हिंदुस्थान युनिलिव्हरच्या दाव्यात १२ जून २०२० रोजी स्पष्ट केली : कंपनी बनावट नाव निलंबित करू शकते, पण ते कायमचे अडवू शकत नाही, मुदत संपली की ते पुन्हा कोणालाही नोंदवता येते. मोठा उद्योग अशा नावांवर पाळत ठेवू शकतो आणि पुन्हा दावा लावू शकतो. गावातली वाचनालये, शाळा आणि बचत गट यांच्याकडे बहुधा नोंदणीकृत व्यापारचिन्ह नसते, त्यामुळे हातचे गेलेले नाव परत मिळवण्याचा त्यांचा मार्ग बहुतेक वेळा नव्या धारकाने सांगितलेल्या किमतीपाशीच येऊन थांबतो.