बोसपाडा गल्लीतील शाळा

कलकत्त्याच्या उत्तर भागात, हुगळीच्या काठी, बागबाजार नावाची जुनी वस्ती आहे. मराठी माणसास तेथे एक ओळखीचे नाव भेटते: मराठा डिच लेन. नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांची धास्ती घेऊन १७४२ साली कलकत्तेकरांनी शहराभोवती जो खंदक खणावयास घेतला, त्याची ही खूण. तो खंदक पुरा झाला नाही आणि मराठी फौजही कलकत्त्यावर चालून आली नाही. पुढे दीडशे वर्षांनी याच वस्तीत एका शिक्षिकेला दुसरा खंदक ओलांडावा लागला. तो होता घर आणि शाळा यांच्यामधील अविश्वासाचा.

१३ नोव्हेंबर १८९८ रोजी, कालीपूजेच्या दिवशी, बोसपाडा लेनमधील एका लहानशा घरात श्रीसारदादेवींच्या हस्ते मुलींची शाळा सुरू झाली. ती चालविणारी बाई आयरिश होती. मार्गारेट नोबल हे तिचे मूळ नाव. आपण तिला भगिनी निवेदिता म्हणून ओळखतो. १८६७ साली डंगॅनन गावी, पुढे ख्रिस्ती धर्मोपदेशक झालेल्या एका गृहस्थाच्या घरी तिचा जन्म झाला. तिचे स्वतःचे शिक्षण हॅलिफॅक्स येथील ख्रिस्ती वळणाच्या वसतिशाळेत, कडक शिस्तीत झाले. १८८४ पासून ती शिकवू लागली आणि पुढे पेस्टालोझी व फ्रोबेल यांच्या विचारांनी प्रभावित होऊन तिने विम्बल्डन येथे स्वतःची शाळा काढली.

फ्रोबेलही एका पाद्र्याचाच मुलगा. मूल हे रोपट्यासारखे असते. माळ्याने त्याची जात ओळखून त्यास पाणी घालावे, ओढून वाढवू नये, हे त्याच्या बालोद्यानाचे मर्म होय. म्हणजे ख्रिस्ती परंपरेतूनच शिक्षणाचे दोन प्रवाह निघालेले दिसतात. एक, प्रश्नोत्तरे घोकून घेऊन मुलाला ठराविक साच्यात बसविणारा; दुसरा, मुलाच्या प्रकृतीपुढे साच्यालाच वाकावयास लावणारा. निवेदितेने पहिला सोसला होता आणि दुसरा निवडला.

बागबाजारातील कर्मठ घरांना मात्र हा भेद ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परदेशी बाई आपली मुलगी बाटवील, ही त्यांची साधी भीती. निवेदितेने वाद घातला नाही. तिने घरोघर जाऊन मुली मागितल्या. शिवणकाम, चित्रे, मातीकाम यांतून तिने शिक्षणास आरंभ केला, कारण जे हाताला परिचित आहे तेथूनच अपरिचिताकडे जावे, अशी तिची धारणा होती. मुलींना इंग्रजी वळण लावण्याऐवजी ती स्वतःच त्यांच्या घरच्या चालीरीती शिकली. पैशाअभावी १८९९ मध्ये शाळा थांबली, पण परत आल्यावर तिने ती पुन्हा उभारली. १९११ साली दार्जिलिंगला तिचे निधन झाले. शाळा मात्र टिकली. आज ती रामकृष्ण सारदा मिशनच्या व्यवस्थेखाली चालते.

श्रोते हो, या कथेची दुसरी बाजू महाराष्ट्रात घडली. १८७८ साली ज्या कलकत्त्याने रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, त्याच रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती धर्म स्वीकारला, अमेरिकेत फ्रोबेलची पद्धती अभ्यासली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन काढले. तेथे धर्मशिक्षणाची सक्ती नव्हती. परंतु रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली बसू लागल्या आणि पुण्यात गहजब उडाला. १८९३ साली रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांनी अंग काढून घेतले. अनेक पालकांनी मुली परत नेल्या. मात्र याच सदनात शिकलेल्या गोदूबाई त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या आणि पुढे बाया कर्वे म्हणून त्यांच्या कार्यात उभ्या राहिल्या.

पालकांची भीती खोटी होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आपल्या लेकराचा धर्म कोणी न विचारता बदलावा, हे कोणत्याही आईबापास रुचणार नाही. पण मुलगी घरी आणताना, तेथे ती फुलत होती की कोमेजत होती, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. शाळेचा धर्म पाहिला गेला. मुलीची प्रकृती पाहावयाची राहून गेली.

हा प्रश्न अजून मिटलेला नाही. बदलीच्या नोकरीत गावोगाव फिरताना माझ्यासारख्या पुष्कळांना तो दर जूनमध्ये नव्याने पडतो. कोणी कॉन्व्हेंटच्या नावाला भुलतो, कोणी त्याच नावाला बिचकतो. दोघेही पाटीच वाचतात. बुजऱ्या मुलाला तेथे बोलण्यास किती अवसर मिळतो, चळवळ्या मुलाच्या हातांना काय काम मिळते, चुकलेल्या मुलाशी शिक्षिका कोणत्या स्वरात बोलते, घरची भाषा आणि घरचा देव यांचा तेथे मान राहतो की नाही, हे पाटीवर लिहिलेले नसते. त्यासाठी शाळेच्या आत जाऊन घटकाभर बसावे लागते. आणि त्याहूनही आधी, आपले मूल कसे आहे हे आपल्याला ठाऊक असावे लागते.