विषुववृत्ताजवळील हिमशिखरे : एक भौगोलिक वाद आणि नाशिकचा संबंध

प्रस्तावना :
उंचीच्या दर हजार मीटरमागे हवेचे तापमान सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने घटते. म्हणूनच महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) येथे बर्फ साचत नाही. परंतु विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे तीन अंशांवर असूनही ५८९५ मीटर उंचीच्या किलिमांजारोवर तो टिकून राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मात्र आफ्रिकेतील या बर्फाविषयी तीव्र वाद झाला. त्या वादाचे स्वरूप तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वादाचे स्वरूप :
चर्च मिशनरी सोसायटीचे जर्मन मिशनरी योहान्नेस रेबमान यांचे ठाणे मोंबासाजवळील रबई येथे होते. ११ मे १८४८ रोजी त्यांनी किलिमांजारोचे शुभ्र शिखर पाहिले. त्यांच्या वाटाड्याने त्या शुभ्रतेसाठी 'थंडी' या अर्थाचा स्वाहिली शब्द वापरला. शिखरावरील चांदीसारखा पदार्थ बाटलीतून खाली आणल्यास त्याचे पाणी होते, असेही रेबमान यांना तेथील लोकांकडून समजले. ३ डिसेंबर १८४९ रोजी त्यांचे सहकारी योहान लुडविग क्राफ यांनी केनिया पर्वत पाहिला.

लंडनमधील भूगोलज्ञ विल्यम डेस्बरो कूली यांनी १८५२ मधील आपल्या ग्रंथात ही माहिती धुडकावली. रेबमान यांच्या दृष्टीविषयीही शंका घेतली गेली. कूली स्वतः आफ्रिकेत कधी गेले नव्हते. येथे एक बाब लक्षणीय ठरते. विषुववृत्तालगतच्या अँडीज पर्वतातील बर्फ युरोपला पूर्वीपासून ज्ञात होता; हंबोल्ट १८०२ मध्ये चिंबोराझोवर बऱ्याच उंचीपर्यंत चढले होते. अर्थात उष्ण कटिबंधात बर्फ असू शकतो हे मान्य असूनही आफ्रिकेतील साक्ष अमान्य झाली. खरा प्रश्न साक्ष देणाऱ्याच्या पात्रतेचा होता. पुढे १८६२ मध्ये फॉन डेर डेकन व केर्स्टन यांना पर्वतावर सुमारे चौदा हजार फुटांवर हिमवृष्टीचा अनुभव आला, तर १८७१ मध्ये चार्ल्स न्यू प्रत्यक्ष बर्फापर्यंत पोहोचले.

नाशिकचा संबंध :
ब्रिटिश आरमाराने गुलामवाहू जहाजांतून सोडविलेल्या काही आफ्रिकी मुलांना मुंबईमार्गे नाशिकजवळील शरणपूर येथे आणून शिक्षण दिले जाई. तेथील विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर १८६४ मध्ये रेबमान यांच्या साहाय्यासाठी रबईला गेले. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर १८७३ मध्ये तेथे गेले, तेव्हा रेबमान जवळजवळ अंध झाले होते. ज्यांच्या दृष्टीवर लंडनमध्ये शंका घेतली गेली, त्यांना उतारवयात नाशिकमध्ये शिकलेल्या माणसांची साथ लाभली. १८७५ मध्ये मोंबासाजवळ फ्रिअरटाउन वसले, त्यातही 'बाँबे आफ्रिकन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या समूहाचा मोठा वाटा होता. शोधप्रवासाच्या इतिहासात मात्र त्यांची नावे क्वचितच आढळतात.

समारोप :
१९१२ ते २०११ या काळात किलिमांजारोवरील हिमक्षेत्र सुमारे ८५ टक्क्यांनी घटले. ज्या बर्फाचे अस्तित्व एकेकाळी नाकारले गेले, तो आता खरोखरच नाहीसा होत आहे. अशा वेळी पर्वताच्या पायथ्याशी राहणाऱ्यांची साक्ष वाटाड्याच्या शब्दाप्रमाणे दुर्लक्षिली जाऊ नये. दस्तऐवज किती अधिकारी व्यक्तीचा आहे यासोबतच तो प्रत्यक्ष पाहणाऱ्याचा आहे काय, हा प्रश्न इतिहासलेखनाने विचारला पाहिजे, हाच या वादाचा बोध होय.