डेटाबेस प्रशासन (चित्रमय साधनाद्वारे)

अनेक डेटाबेस एकाच पडद्यावरून, बहुतांशी माउसच्या साहाय्याने हाताळण्याची पद्धत. मायएसक्यूएलसाठी पीएचपीमायअ‍ॅडमिन (१९९८ पासून) आणि पोस्टग्रेएसक्यूएलसाठी पीजीअ‍ॅडमिन ही प्रचलित मुक्तस्रोत साधने होत. डावीकडे सर्व्हर, डेटाबेस, तक्ते अशी उतरंड दिसते; उजवीकडे निवडलेल्या तक्त्यातील नोंदी. वापरकर्त्यांचे अधिकार आणि बॅकअप यांची सोयही तेथेच असते. डेटाबेसमध्ये बदल करणाऱ्या क्लिकची अखेर एसक्यूएल आज्ञाच बनते. त्यामुळे भलत्याच डेटाबेसवर दिलेली ‘ड्रॉप’ (काढून टाकण्याची) आज्ञाही पुष्टी दिल्यास अमलात येते. पीजीअ‍ॅडमिनमध्ये सर्व्हरना वेगवेगळे रंग देता येतात, ते याचसाठी.

नोंदींच्या बाबतीतही अशीच गफलत होऊ शकते. उदाहरणार्थ, बीड जिल्ह्यात ११ तालुके आहेत. त्यांपैकी शिरूर (कासार) याचे नामसाधर्म्य पुण्यातील शिरूर व लातूरमधील शिरूर अनंतपाळ यांच्याशी आहे. म्हणून तक्त्यांतील तालुक्यांच्या नोंदी नावाऐवजी संकेतांकाने जोडाव्या लागतात. जमिनीच्या अभिलेखांत तर अधिकारांची काटेकोर विभागणी असते: ई-फेरफार या संगणकीय प्रणालीत तलाठ्याने घेतलेली नोंद मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच सातबारा बदलतो. महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. अशा अभिलेखांच्या तक्त्यांत प्रशासकाने परस्पर दुरुस्ती करणे गैर. दैनंदिन तपासणीसाठी केवळ वाचनाचा अधिकार असलेले खाते वापरणे इष्ट.