शाडेनफ्रॉइडे आणि आपलं ‘बरी जिरली!’

एखादा बडा नेता निवडणुकीत आपटला, एखाद्या धनदांडग्याच्या घरी धाड पडली, की आपल्या तोंडून पहिलं काय निघतं? “बरी जिरली!” आतून गुदगुल्या होतात आणि पाठोपाठ थोडं ओशाळल्यासारखंही वाटतं. या भावनेला जर्मन भाषेत जोडशब्द आहे, शाडेनफ्रॉइडे. ‘शाडेन’ म्हणजे नुकसान, ‘फ्रॉइडे’ म्हणजे आनंद. दोन साधे शब्द, शेजारी शेजारी बसवलेले.

इंग्रजीत यासाठी रुळलेला शब्द नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रिचर्ड ट्रेंच या धर्मगुरू-अभ्यासकाने आपल्या पुस्तकात हा जर्मन शब्द नोंदवला, तोही हळहळत. अशा भावनेला भाषेत शब्द असावा हेच त्याला भयंकर वाटलं. पुढे इंग्रजांनी तोच शब्द जसाच्या तसा उचलला! म्हणजे भावना होतीच, नाव तेवढं उसनं आणलं.

खुद्द जर्मनीतही यावर एकमत नव्हतं. 1840च्या सुमारास शोपेनहाउअरने लिहिलं की मत्सर वाटणं माणसाचं लक्षण, पण दुसऱ्याच्या नुकसानीची मजा घेणं सैतानाचं. आपण मराठीत ‘आसुरी आनंद’ म्हणतो, तेच हे. नीत्शेने मात्र 1880 साली वेगळं कारण दिलं. प्रत्येकाला स्वतःची काही ना काही दुखणी असतात. दुसरा पडला की तो आपल्या पातळीवर आला असं वाटतं, आणि बरं वाटतं.

मला नीत्शेचं म्हणणं जास्त पटतं. ‘आसुरी’ म्हटलं की ते कुणा राक्षसाचं काम ठरतं, आपण मोकळे. विरोधकांना होतो तो आसुरी आनंद, आपल्याला होतो तो न्याय!

हा फरक करायला ॲरिस्टॉटल उपयोगी पडतो. खुन्याला शिक्षा झाली तर सज्जनालाही आनंद होतो, असं तो म्हणतो. पण कुणाचंही वाईट झालं की खूश होणाऱ्याला ग्रीकमध्ये निराळा शब्द आहे, आणि ॲरिस्टॉटलच्या मते ते मुळातच वाईट.

तेव्हा पुढच्या वेळी “बरी जिरली” टाइप करण्याआधी एवढंच विचारूया: त्याने केलेल्या गुन्ह्याची शिक्षा झाली म्हणून आनंद होतोय, की तो आपल्यापेक्षा वर होता म्हणून?