श्रद्धासंवर्धन, तरुण कॅथलिक नोकरदारांचे
दृढीकरण संस्कारानंतर धर्मशिक्षणाचे वर्ग बहुधा सुटतात. त्यापुढे नोकरी सांभाळून श्रद्धेची समज वाढवणे आणि समविश्वासू सोबत जोडणे, याला श्रद्धासंवर्धन म्हणतात. यंत्रमागांच्या भिवंडीच्या परिसरात दोन परंपरा आढळतात : १९८८ साली स्थापन झालेला कल्याणचा सिरो-मलबार धर्मप्रांत मुख्यतः मूळच्या केरळीय कुटुंबांचा, तर १९९८ चा वसई धर्मप्रांत लॅटिन विधीचा, तिथे मराठीत मिस्सा होते. खरी अडचण वेळेची. पहाटेची लोकल गाठून रात्री घरी परतणाऱ्याच्या हाती रविवारची मिस्सा आणि तिच्यामागून होणारे बायबल-वाचन, एवढेच उरते. वाचनाची भूक वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकाने मोठ्या प्रमाणात भागवली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे दीर्घकाळ संपादक होते. तरुणांविषयीची धर्मसभा व्हॅटिकनमध्ये २०१८ साली भरली. तिच्यावर आधारित ‘ख्रिस्तुस विवित’ हे पत्र पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये काढले.