शिंद्यांची रोल्स-रॉईस

उज्जैन शिंद्यांची जुनी राजधानी, तेव्हा ग्वाल्हेरच्या मोटारीचे कौतुक आम्हा उज्जैनकरांनाही. १९०८ च्या मुंबई-कोल्हापूर चाचणीत गाजलेली ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ माधवराव महाराजांनी घेतली. सहा सिलिंडर, म्हणून क्रँकशाफ्टही लांब. प्रत्येक स्फोटाने असा दांडा किंचित पिळतो, उलट सुटतो. ठरावीक वेगाला हा पीळ झोपाळ्यासारखा वाढतो. त्या काळी दांडे तुटतही. रॉईस, लँचेस्टर यांनी दांड्यावर घर्षणाने धरलेले छोटे चाक बसवले. दांडा थरथरला की चाक मागे रेंगाळते, घासते. थरथर उष्णता होऊन जिरते. पुढे घर्षणाच्या जागी रबर आले. ते म्हातारे झाले की बाहेरचे कडे सरकते, त्यावरची टायमिंगची खूणही. आपण मात्र त्याच खुणेवर इग्निशन लावत बसतो!